पंखा फिरतो, पण वारा कुठे जातो?

मागच्या अंकात मिक्सरच्या कपलरविषयी लिहिले होते. त्यावर अनेक बहिणींनी कळवले की दुकानात न जाता घरीच काम झाले. अल्हम्दुलिल्लाह. या वेळी विषय कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. ज्याला स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो आणि भाकरी पलटता येते, त्याला हे काम जमते.

आमच्या गल्लीत एक बाजी राहतात. शौहर वारल्यानंतर त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर टाकला. मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, रेशनकार्डाचे अर्ज, मराठी-उर्दू टायपिंग, शादीचे रुक्के अशी कामे त्या करतात. घर त्याच्यावर चालते. खोलीवर पत्रे आहेत. मराठवाड्यातला उन्हाळा वाचकांना सांगायला नको. दुपारी पंख्याखाली बसले तरी अंग भाजते.

एप्रिलच्या मध्यापासून हा कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडू लागला. सकाळी नीट चाले. जोहरच्या सुमारास स्क्रीन काळी होई, आणि अर्धा तास थांबून बटण दाबले की परत सुरू होई. एकदा एका मुलीचा फॉर्म शेवटच्या पानावर असताना मशीन बंद पडली आणि सगळे पहिल्यापासून भरावे लागले. ती मुलगी रडकुंडीला आली. दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. आधी वाटले व्होल्टेज कमी असेल, म्हणून स्टॅबिलायझर घेतला. फरक पडला नाही. मग दुकानात नेला. तिथे सकाळी दोन तास चालवून पाहिला, एकदाही बंद पडला नाही. कारागीर म्हणाला, "बोर्ड कमजोर झाला असेल. बदलायचा तर साडेचार हजार." बाजींनी मशीन परत आणली. आणि गल्लीत बोलू लागल्या की हा माणूस बाई बघून लुटतो.

एका रविवारी असरनंतर त्यांचा मुलगा मला बोलवायला आला. आठवीत आहे, हुशार आहे. मी जाऊन मशीन सुरू केली, बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहिले. काहीही काम चालू नसताना आकडा ८० च्या वर होता आणि हळूहळू चढत होता. बरेच प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर मशीन बंद होते. हा बिघाड नव्हे, जीव वाचवण्याची सोय आहे. म्हणजे बंद पडणे हा रोग नव्हता, रोगाचे लक्षण होते. मी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढले. दहा मिनिटांत आकडा बराच खाली आला.

इथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. झाकण काढल्यावर मशीन थंड होते, लावल्यावर तापते. याचा अर्थ पंखे फिरत आहेत, बोर्डही ठीक आहे, पण बंद डब्यात हवेला ये-जा करायला वाट मिळत नाही. दुकानात कारागिराने झाकण उघडे ठेवून, सकाळच्या गारव्यात तपासले होते. तिथे तो बंद पडणारच कसा?

झाकण परत लावून मी मागे गेलो. मुलगा माझ्या आधी तिथे हात धरून बसला होता. म्हणाला, "चाचा, इथून गरम हवा बाहेर यायला पाहिजे ना? इथे तर काहीच लागत नाही." मी त्याच्या वहीचे एक पान फाडून बोटभर रुंदीची पट्टी केली आणि मागच्या जाळीजवळ धरली. पट्टी फडफडून बाहेर उडायला हवी होती. ती जाळीला चिकटून बसली. मागचा पंखा हवा बाहेर फेकत नव्हता, आत ओढत होता.

आता कॅबिनेटमधली हवा कशी वाहते ते समजून घेऊ. साधारण कॅबिनेटमध्ये समोरच्या खालच्या बाजूने थंड हवा आत येते, हार्ड डिस्क आणि बोर्डावरून जाते, प्रोसेसरची उष्णता घेते आणि मागच्या वरच्या पंख्यातून बाहेर पडते. ज्या डब्यात वायरी जातात तो वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, त्यातही एक पंखा असतो आणि तोही मागूनच गरम हवा बाहेर टाकतो. बाजींच्या कॅबिनेटला समोर पंखा नव्हता. मागे दोनच: एक एसएमपीएसचा, आणि त्याच्या खाली हा. वरचा गरम हवा बाहेर टाकत होता, खालचा तीच गरम हवा परत आत घेत होता. त्यात टेबल भिंतीला अगदी टेकलेले. हवा मागच्या मागे गोल फिरत राहिली, समोरची ताजी हवा आत आलीच नाही. दोन्ही पंखे प्रामाणिकपणे फिरत होते, पण कामाचा उपयोग नव्हता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पंखा थंडी तयार करत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर कॅबिनेटच्या आत त्यापेक्षा जास्तच असणार. पंख्याचे काम एवढेच की आतली तापलेली हवा घालवून खोलीतली हवा आणणे. म्हणून हिवाळ्यात पंखा उलटा असला तरी खपून जाते, उन्हाळ्यात खपत नाही.

मुलगा लगेच म्हणाला, "मग लाल-काळी वायर अदलाबदल करू. माझ्या खेळण्यातल्या गाडीची मोटार तशीच उलटी फिरते." त्याचे म्हणणे खेळण्याच्या बाबतीत खरे आहे. इथे मात्र खरे नाही, आणि हीच चूक बरेच जण करतात.

खेळण्यातल्या मोटारीत ब्रश असतात. वीज उलटी दिली की मोटार उलटी फिरते. कॉम्प्युटरच्या पंख्यात ब्रश नसतात. त्यात तारेची वेटोळी मध्यभागी स्थिर असतात आणि चुंबकाची कडी पात्यांच्या आत बसवलेली असते. चुंबक कुठे आला हे ओळखणारा एक छोटा सेन्सर आणि वेटोळ्यांना पाळीपाळीने वीज देणारी एक चिप आत असते. पंखा कोणत्या बाजूला फिरायचा हे त्या रचनेत ठरलेले असते. तुम्ही १२ व्होल्टची वीज उलटी दिली तर पंखा उलटा फिरत नाही. नशीब चांगले असेल तर तो नुसता थांबतो, कारण बऱ्याच पंख्यांत उलटी वीज अडवणारा डायोड असतो. नशीब वाईट असेल तर चिप जळते. शिवाय पाती एका बाजूला वाकवलेली असतात. तो कसाबसा उलटा फिरवला तरी वारा कमजोर पडतो.

तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये बहुधा काळी वायर ग्राउंड, लाल वायर १२ व्होल्ट आणि पिवळी वायर वेग मोजण्यासाठी असते. चार पिनांचा असेल तर चौथी वायर वेग कमी-जास्त करण्यासाठी. काही कंपन्या रंग वेगळे ठेवतात किंवा सगळ्या वायरी काळ्याच देतात. कनेक्टरला एका बाजूला खाच असते, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. ती खाच मुद्दाम ठेवलेली आहे. पिना उपसून अदलाबदल करणे म्हणजे कुलूप तोडून घरात शिरण्यासारखे.

छतावरच्या पंख्याची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या छतपंख्यात कपॅसिटरची मोटार असते. वाइंडिंग बदलून आणल्यावर जोडणी चुकली तर तो उलटा फिरतो आणि वारा खाली येण्याऐवजी छताकडे जातो. इलेक्ट्रिशियन वाइंडिंगची टोके बदलून तो सुलटा करतो. म्हणजे तीन प्रकारच्या मोटारी, तीन वेगळे उपाय. एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नये.

कॉम्प्युटरच्या पंख्याचा उपाय सगळ्यांत सोपा आहे. वीज नाही, पंखाच उलटा करायचा. भाकरी पलटतो तसा.

क्रम असा ठेवा.

पहिले, कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढा. मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते. झाकण काढल्यावर कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते.

दुसरे, काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. वायर कुठे लागली होती हे नंतर आठवत नाही.

तिसरे, कनेक्टर काढताना प्लास्टिकचा भाग धरा, वायर ओढू नका.

चौथे, पंख्याचे चार स्क्रू बाहेरून असतात. शेवटचा स्क्रू काढताना आत दुसऱ्या हाताने पंखा धरून ठेवा, नाहीतर तो बोर्डावर आदळेल.

पाचवे आणि सगळ्यांत महत्त्वाचे, पंख्याची दिशा ओळखा. चौकटीच्या कडेला बऱ्याच पंख्यांवर दोन बाण कोरलेले असतात. एक बाण पाती कुठे फिरतात ते दाखवतो, दुसरा वारा कुठे जातो ते. बाण नसतील तर दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटारीला धरणाऱ्या तीन-चार आडव्या काड्या आणि बहुधा कंपनीचे स्टिकर असते. हवा मोकळ्या बाजूने आत शिरते आणि काड्यांच्या बाजूने बाहेर पडते. म्हणून मागच्या पंख्याची काड्या-स्टिकरची बाजू कॅबिनेटच्या बाहेर, जाळीकडे असली पाहिजे. समोर पंखा असेल तर त्याची काड्यांची बाजू आत.

सहावे, पंखा पलटा, नुसता गोल फिरवू नका. गोल फिरवल्याने फक्त वायर वरून खाली येते, वाऱ्याची दिशा तीच राहते. १२० मिलिमीटरचा चौकोनी पंखा दोन्ही बाजूंनी त्याच चार भोकांत बसतो, त्यामुळे नवीन काही लागत नाही.

सातवे, चारही स्क्रू आधी सैल लावा, मग समोरासमोरचे आवळा. प्लास्टिक आहे, जोर लावू नका. वायर पात्यांना लागणार नाही अशी बाजूला बांधा. कनेक्टर होता तिथेच लावा.

आठवे, झाकण लावून मशीन सुरू करा आणि कागदाची पट्टी पुन्हा धरा. मागे पट्टी बाहेर उडाली पाहिजे. झाकण न लावता केलेली परीक्षा खरी नाही.

बाजींच्या मशीनची पट्टी उडाली. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुलाने आकडा पाहून कळवला, ६६. त्यानंतर मशीन बंद पडलेली नाही.

आता कुठे हात लावू नये तेही सांगतो, कारण अर्धवट माहितीने नुकसान जास्त होते. एसएमपीएसचा डबा उघडून त्याचा पंखा कधीही पलटू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. ती जीव घेऊ शकते. प्रोसेसरवरचा पंखा बहुधा ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, म्हणजे हिटसिंकवर, वारा सोडतो. तो आहे तसाच राहू द्या, फक्त ब्रशने धूळ काढा. लॅपटॉपचा पंखा वेगळ्या जातीचा असतो. तो वरून-खालून हवा घेतो आणि कडेने फेकतो. तो पलटला तरी हवा कडेनेच बाहेर पडणार. म्हणून तिथे हा प्रयोग चालत नाही. लॅपटॉप गादीवर किंवा दस्तरखानावर ठेवून चालवू नये, हाच त्याचा उपाय.

कुणी विचारेल, मग हवा आत ओढणारा पंखा मागे कधीच नसावा का? तसे नाही. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना आणली. आजचे बहुतेक कॅबिनेट त्याच वंशाचे आहेत. त्या रचनेच्या सुरुवातीच्या नियमांत एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल असे सुचवले होते. त्यात एक फायदाही होता. आत हवा दाबाने भरली की फटींतून ती बाहेर पडते, धूळ फटींतून आत शिरत नाही. ती फक्त पंख्याच्या वाटेने येते आणि तिथे जाळी लावता येते. पण तोटा मोठा निघाला. एसएमपीएस स्वतः तापतो. त्याची गरम हवा प्रोसेसरवर पडू लागली, आणि प्रोसेसर तर दरवर्षी आणखी तापू लागले. शेवटी तो विचार सोडून पंखा पुन्हा बाहेर फेकणारा झाला. मोठ्या कंपनीच्या अभियंत्यांनाही वाऱ्याची दिशा एकदा बदलून पाहावी लागली, मग आपली काय कथा.

धुळीचा मुद्दा मात्र आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यांच्या कॅबिनेटला समोर पंखा बसवायची जागा आहे, त्यांनी तिथे आत ओढणारा पंखा आणि धुता येईल अशी बारीक जाळी बसवावी. मागचा बाहेर फेकणारा राहू द्यावा. जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. धूळ भरलेली जाळी म्हणजे तोंडावर रजई.

हवेला एका तोंडाने आत घेऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायची ही विद्या जुनी आहे. इराणमधल्या यज्द शहरात घरांवर बादगीर नावाचे मनोरे आहेत. त्यांत आतून पडदे घालून वेगवेगळ्या नळ्या केलेल्या असतात. वारा ज्या बाजूने येतो त्या तोंडातून हवा खाली घरात उतरते, आणि वाऱ्याच्या उलट बाजूच्या तोंडातून घरातली तापलेली हवा ओढली जाते. वारा पडला की तोच मनोरा धुराड्यासारखा गरम हवा वर सोडतो. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. २०१७ साली यज्दचे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या गवंड्यांकडे वीज नव्हती, पण हवा कुठून येईल आणि कुठून जाईल याचा विचार त्यांनी घर बांधण्याआधी केला होता. आपण मात्र दोन पंखे लावतो आणि निश्चिंत होतो.

लेख इथे संपवता आला असता. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय संपवणे बरोबर होणार नाही.

पंखा काढून हातात घेतला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. रमजान ईदच्या आधीच्या आठवड्यात बाजींनी मला मशीनची सफाई करायला बोलावले होते. मीच तो पंखा काढला होता, पाती पुसली होती, आणि स्टिकरवरचे नाव वाचता यावे, नीट दिसावे म्हणून ती बाजू आत ठेवून बसवला होता. बाण पाहिला नव्हता. कागद धरला नव्हता. पंखा फिरला, मी शीरखुर्म्याचे आमंत्रण घेऊन घरी आलो. तेव्हा हवा गार होती, म्हणून कळले नाही. स्टॅबिलायझरचे पैसे, गेलेली गिऱ्हाइके, त्या मुलीचे रडणे, हे सगळे माझ्या चार स्क्रूंमुळे.

बाजी तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या आणि दुआ देत होत्या. गप्प बसलो असतो तर कुणाला कळले नसते. उलट वाहवा झाली असती. पण कुणी घर चालवायचे साधन विश्वासाने हातात देते ती अमानत असते, आणि अमानतीत झालेली चूक लपवणे ही दुसरी चूक. मी सांगितले. बाजी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाईजान, मी त्या कारागिराला किती वाईट बोलले."

ते माझ्या डोक्यातही नव्हते. मगरिबनंतर मी त्याच्या दुकानात गेलो आणि झालेले सांगितले. तो हसला. म्हणाला, "मी पण झाकण लावून बघायला पाहिजे होते. बोर्ड बदलला असता तर पंधरा दिवसांत हे मशीन परत माझ्याकडे आले असते, आणि मग मी काय सांगितले असते?" स्टॅबिलायझर त्याने अर्ध्याहून जास्त किमतीत ठेवून घेतला. उरलेले पैसे मी दिले. बाजी घेत नव्हत्या. मुलाच्या वह्यांसाठी म्हणून दिले, तेव्हा घेतले.

आता त्या कॅबिनेटच्या मागे, जाळीच्या शेजारी, मुलाने मार्करने एक बाण काढला आहे आणि खाली लिहिले आहे, "वारा बाहेर". तुमच्या घरातल्या मशीनवरही असा बाण काढून ठेवा. पुढच्या सफाईला माझ्यासारखा कुणी येईल तेव्हा उपयोगी पडेल.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, कूलरचा पंप पाणी चढवत नसेल तर काय पाहावे याविषयी. तोवर अल्लाह हाफिज.